चटणीचा पाय

१

चटणीचा मागचा डावा पाय रातोरात नाहीसा झाला आणि पायाबरोबर त्यात बसवलेली टायटॅनियमची पट्टीही गेली, असा फोन आला तेव्हा डॉ. रेश्मा कोळेकर अर्ध्या बादलीत आंघोळ कशी उरकावी या विवंचनेत होत्या. पहाटे मंद्रूपला जाऊन एका म्हशीची अडकलेली वार काढून आल्या होत्या. तो वास अर्ध्या बादलीत जातो होय? पण इलाज नव्हता. काल त्यांच्या गल्लीची पाण्याची पाळी होती आणि नळाला थेंब आला नव्हता. पाळी पुढं ढकलली, एवढाच निरोप. गल्लीतल्या बायका संध्याकाळभर घागरी मांडून बसल्या आणि शेवटी रिकाम्याच उचलून आत गेल्या. रेश्माबाईही त्यांतल्याच.

"पाय गेला म्हणजे? पळून गेला का?" त्या फोनवर म्हणाल्या.

"मॅडम, चेष्टा नको," पलीकडून डॉ. पृथ्वीराज घाटगे वैतागले. "उद्या बाहेरचे पाहुणे यायचेत. तुम्ही या, बघा आणि सही करून मोकळ्या व्हा."

मोकळं व्हायची तर बाईंना फार हौस होती. पण या नोकरीत मोकळं कोण झालंय!

पृथ्वीराज घाटग्यांची संशोधन संस्था होटगी रस्त्याला, शहर संपतं तिथं. रेश्माबाई सरकारी पशुवैद्य, सगळी नोकरी गाई-म्हशींत गेलेली. पण प्राण्यांवर प्रयोग करायचे तर देखरेखीच्या समितीवर एक पशुवैद्य लागतो, म्हणून त्यांचं नाव तिथं होतं. अधूनमधून जायचं, टाक्या बघायच्या, चहा प्यायचा. टाक्यांत सॅलॅमँडर पाळले होते. पाल आणि बेडूक यांची सोयरीक झाली तर जे पोर होईल, तसा दिसणारा पाण्यातला जीव. मानेला दोन्ही बाजूंनी पिसांसारखे कल्ले आणि तोंडावर कायमचं हसू.

या जिवाची ख्याती अशी की पाय तोडला तर नवा उगवतो, अगदी बोटांसकट. पण गंमत बघा, पाय न तोडता नुसतं आतलं हाड मोडलं आणि मध्ये मोठी फट राहिली, तर ती फट काही भरत नाही. घर पाडा, नवं बांधून देतो, पण भिंतीची चीर बुजवणार नाही, असला हा गवंडी. ती चीर कशानं बुजेल हे कळलं, तर न जुळणाऱ्या माणसांच्या हाडांनाही काही उपाय सापडेल, म्हणून हा सगळा खटाटोप चालला होता. जनावराला भूल द्यायची, मांडीचं हाड कापून नेमकी फट ठेवायची आणि हाड हलू नये म्हणून नखाएवढी पट्टी तिळाएवढ्या स्क्रूंनी बसवायची. हे बारीक काम करायला डॉ. हाशम बागवान यायचे. सोलापुरातले नावाजलेले हाडांचे डॉक्टर.

रेश्माबाईंच्या नडगीतही पट्टी होती, आणि ती हाशमभाईंनीच बसवली होती. गेल्या उन्हाळ्यात स्कूटी घसरली, तेव्हा. हाशमभाई त्यांच्याच गल्लीच्या टोकाला राहायचे. पाय मात्र दुखायचा तो दुखायचाच. जिना चढायचा म्हटलं की जीव नको व्हायचा. हाशमभाई म्हणायचे, "हाड सुंदर जुळलंय, ताई. थंडीनं दुखतंय." सोलापुरात, मे महिन्यात, थंडी! पण एवढा मोठा डॉक्टर, त्यात शेजारी, वर इतका गोड बोलणारा. बाई गप्प बसायच्या.

कठडा धरत धरत त्या संस्थेचा जिना चढल्या. वर डॉ. घाटगे कागद हातात घेऊनच उभे होते. त्यांच्यामागं भिंतीला टेकून समरा शेख ही संशोधन करणारी मुलगी डोळे पुसत होती.

"वाचायची गरज नाही," घाटगे म्हणाले. "हिनं दोन जनावरं एका टाकीत ठेवली. एकानं दुसऱ्याचा पाय खाल्ला. संध्याकाळपर्यंत तुमची सही झाली की हिला प्रकल्पातनं काढतोय."

२

रेश्माबाईंनी कागद घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला.

"आधी पेशंट दावा," त्या म्हणाल्या.

टाक्यांची खोली गारेगार होती. बाहेर माणसं भाजून निघत होती आणि आत या पाहुण्यांना हिवाळा. चटणी कोपऱ्यात पडून होती. अंग पांढरं-गुलाबी आणि कल्ले शेंगाचटणीसारखे लालभडक, म्हणून समरानंच तिचं नाव चटणी ठेवलेलं. मागचा डावा पाय मांडीच्या वरूनच गायब होता. शेजारच्या मोठ्या टाकीत काळाकभिन्न पैलवान तोंडभर हसत बसला होता. लहानपणी त्यानं आपल्याच भावाचा पंजा खाल्ला होता, त्यामुळं संशयाला जागा भरपूर होती.

"सकाळी आले तर चटणी याच्या टाकीत," समरा म्हणाली. "मॅडम, अल्लाची शपथ, मी ठेवलं नाही. ऑपरेशन झालेलं जनावर एकटंच ठेवायचं, हे मी झोपेतसुद्धा विसरणार नाही."

"मग कुणी ठेवलं?"

"ठाऊक नाही. काल संध्याकाळी मी गेले तेव्हा ती तिच्या टाकीत होती. मीच तिला गांडूळ भरवला."

"आन् चावी?"

"मल्लेशअण्णा नेहमी थंड पाण्याच्या मशीनमागं अडकवतात. सगळ्यांना माहितीय."

बाईंनी स्टूल ओढलं आणि दुखरा पाय पुढं करून बसल्या. "काढून टाकलं तर काय करशील गं?"

समरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "अब्बा ट्रक चालवतात, मॅडम. पोरगी पाण्यातल्या पाली सांभाळती म्हणून सगळी बिरादरी हसायची. अब्बांनी एकेकाची तोंडं बंद केली. आता निष्काळजी म्हणून काढली असं कळलं, तर तीच तोंडं उघडतील. आणि दुसरीकडं मला कोण घेईल? हे काम देशात कितीशा ठिकाणी चालतंय?"

पोरीनं सांगितलं ते खरं होतं. तिच्या एका बोटावर नुकत्याच झालेल्या जखमेची चिकटपट्टी होती. तिकडं बाईंचं लक्ष गेलेलं तिनं पाहिलं.

"स्क्रूचा ड्रायव्हर लागला, मागच्या आठवड्यात. हल्ली मीच स्क्रू बसवते ना, म्हणजे..." ती अडखळली. "म्हणजे हाशमसर शिकवतात मला."

"चटणीचे पण तूच बसवलेस?"

"नाही. चटणीचं पहिलंच ऑपरेशन. ते सगळं सरांनी स्वतः केलं. बाकीच्यांचं मी."

एवढं सांगून ती टाकीची काच पुसू लागली. काच आधीच लख्ख होती.

बाई बाहेर आल्या. मल्लेश बोल्ली टाक्यांचं पाणी आणि साफसफाई बघायचा. शहराच्या पूर्वभागातल्या विणकरांच्या घरातला, देवभोळा आणि भित्रा. दारात उभा राहून हात चोळत होता.

"काल लवकर गेलास म्हणं?"

"व्हय मॅडम. आमच्याकडं पाण्याची पाळी होती. भरायला लागतंय की. आमच्या हिला पाठीचं दुखणं, म्हणून मीच भरतो. चावी मशीनमागं ठेवून गेलो."

"आन् मग?"

मल्लेशनं इकडंतिकडं पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम साचला होता.

"मॅडम, खरं सांगतो. पाय तोडायचं मीच बोललो होतो."

३

"काय बोललास?"

"ती पाय ओढत चालायची, मॅडम. बघवत नव्हतं. मी सगळ्यांच्यासमोर बोललो, अहो तोडला तर नवा येतो न्हवं, मग हे मोडकं कशाला ठेवलंय? तोडून टाका की! घाटगेसर ओरडले माझ्यावर. पण मी नुसता बोललो, मॅडम. आईशप्पथ मी हात लावला नाही."

"कोण कोण होतं तेव्हा?"

"सर, समराबाई, हाशमसाहेब. हाशमसाहेब काहीच बोलले नाहीत. नुसते चटणीकडं बघत राहिले."

रेश्माबाईंना आता घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. पर्समधला कागद हाक मारत होता. सही केली की सुटका. कुणी विचारणार नव्हतं. एका पालीचा एक पाय, आणि तोही परत येणारा! पण मंद्रूपच्या म्हशीची वार ओढताना जशी मध्येच सोडता येत नाही, तसं हे झालं होतं. त्या परत आत गेल्या.

"समरा, पैलवानाला खायला घाल बघू."

समरानं चिमट्यात गांडूळ धरला. पैलवानानं तोंड उघडलं आणि भसकन पाण्यासकट आत ओढला.

"दात हायत का ह्याला?"

"नावाला. कानशीसारखे खरखरीत. चावून तोडत नाही, मॅडम, ओढून गिळतो. म्हणून तर दुसऱ्यांची बोटं जातात, फार तर पंजा."

"म्हणजे पुढनं सुरुवात. मग हितं मांडीपासून कसा गेला? मध्ये लोखंड असताना?"

समराचे डोळे मोठे झाले. तिनं चटणीला ओल्या जाळीत अलगद उचलून भिंगाखाली धरलं. बाईंनी वाकून पाहिलं. पाय गेला तिथं गोल, गुळगुळीत टोक होतं आणि त्यावर पातळ कातडी आली होती.

"भरली की जखम," बाई म्हणाल्या. "आमच्या म्हशीला महिना लागला असता."

"यांची रात्रीतून झाकते. पण मॅडम..." समराचा आवाज खाली आला. "हाड बाहेर आलेलं नाही."

"यायला पाहिजे?"

"नुसता पाय कापला की मांस मागं सरतं आणि हाड टोचत बाहेर राहतं. मग ते मांसाच्या आतपर्यंत खुडावं लागतं, तेव्हा कातडी नीट झाकते आणि नवा पाय नीट येतो. हे खुडलेलं आहे, मॅडम. आणि पट्टीच्या वरनं कापलंय, पट्टी अख्खी निघावी म्हणून."

"हे मल्लेशला जमंल?"

"तो ऑपरेशनच्या वेळी खोलीत थांबत नाही. रक्त बघून घेरी येते त्याला." समरानं फळीवरची बाटली काढली. "आणि हे बघा. भुलीचं पाणी. काल मी बाटली गळ्यापर्यंत भरून ठेवली होती."

बाटली अर्धी झाली होती. म्हणजे कुणीतरी चटणीला आधी व्यवस्थित भूल दिली होती. दयाळू चोर म्हणायचा. बाई दमल्या होत्या, पण आता डोकं चालायला लागलं होतं.

"हे खुडायचं कुणाकुणाला येतंय?"

"मला. घाटगेसरांना. हाशमसरांना," समरा म्हणाली, आणि आपण पहिलं नाव आपलंच घेतलं हे तिच्या ध्यानात आलं.

"असू दे. आता पैलवानाचं पोट बघू. ते नवं मशीन चालू हाय का?"

पलीकडच्या खोलीत नवीकोरी स्कॅनिंगची मशीन बसवली होती, हाड चहूबाजूंनी फिरवून दाखवणारी. उद्या पाहुण्यांसमोर तिचं उद्घाटन व्हायचं होतं. पैलवानाला भूल देऊन त्यात ठेवलं. पडद्यावर त्याच्या फासळ्या आल्या, पाठीचा कणा आला, पोटात नुकताच गिळलेला गांडूळ आला. धातूचा कणसुद्धा नव्हता. टाकीच्या तळाशी नव्हता आणि पाणी गाळायच्या जाळीतही नव्हता.

पैलवान निर्दोष सुटला. पट्टी माणसाच्या खिशातून गेली होती.

४

"कुणी विचारून मशीन चालवली?" घाटगे तणतणत आले. "उद्याचं उद्घाटन आहे!"

"झालं की आज. नारळ तेवढा राहिला," रेश्माबाई म्हणाल्या. "बसा सर. उद्या या मशीनमध्ये पहिलं कोण जाणार होतं?"

घाटगे एकदम खाली बसले. त्यांचा राग ओसरला तेव्हा त्यांच्या तोंडावर नुसती निराशा उरली. "चटणी. दुसरं कोण? सगळ्यात आधी ऑपरेशन झालेली तीच. हाशमसाहेब दवाखान्यात तिचे एक्स-रे काढून आणायचे, इतके सुंदर! पट्टी बघा, स्क्रू बघा, रांगेत. मी सगळ्यांना तिचेच फोटो पाठवले होते. पाहुणे तिच्यासाठी येतायत, मॅडम. आता कुठल्या तोंडानं उभा राहू?"

"तीच पहिली दाखवायची, हे कुणी ठरवलं?"

"मीच. हाशमसाहेब म्हणत होते, कशाला म्हाताऱ्या जनावराला ताप, दुसरं घ्या. त्यांचा जीव आहे तिच्यावर. मी म्हटलं, नाही. पहिली तीच."

एवढ्यात हाशमभाईच आले. पांढरा शर्ट, कानाजवळचे केस पिकलेले, चेहरा झोप न झाल्यासारखा. आल्या आल्या समराच्या डोक्यावर डावा हात ठेवला.

"पोरीला काढू नका, घाटगे," ते म्हणाले. "हिच्यासारखा हात मी उभ्या जन्मात बघितला नाही. जनावरांचं काय, चावतात एकमेकांना. पाय येईल परत. एवढं काय त्यात?"

"चावा न्हाई हाशमभाई, कापलाय," बाई म्हणाल्या.

हाशमभाई खुर्चीत बसले. मल्लेशनं सगळ्यांना चहा आणून दिला. बाईंनी घटाघटा पिऊन टाकला, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं. हाशमभाईंचा उजवा हात पँटच्या खिशात होता, तो तिथंच राहिला. कप टेबलावर तसाच. टाकीकडं त्यांनी एकदाही मान वळवली नाही. ज्या चटणीवर त्यांचा एवढा जीव, तिला बघायलासुद्धा उठले नाहीत.

"सगळ्यांना विचारतेय, म्हणून तुम्हालाबी विचारते," बाई म्हणाल्या. "काल संध्याकाळी कुटं होता?"

"घरीच की, ताई. पाण्याची पाळी होती ना काल. मोटर लावून बसलो होतो, टाकी भरेपर्यंत." ते हसले. "सोलापूरकराचा जन्म पाणी भरण्यात जायचा. बरं, पाय कसा आहे तुमचा?"

"दुखतोय."

"थंडीनं. या खोलीत नका बसू जास्त वेळ."

ते निघाले. चहावर साय धरली होती.

"मॅडम," घाटगे म्हणाले, "संध्याकाळपर्यंत मला नाव लागेल. पाहुण्यांना काहीतरी सांगावंच लागणार. तुम्ही दुसरं नाव दिलं नाही, तर समराचंच जाईल."

समरानं मान वर केली नाही. बाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि त्यांना पहिल्यांदाच वाटलं, हिला काहीतरी ठाऊक आहे आणि ही मेली तरी सांगणार नाही.

५

घरी आल्या तर जीव नुसता आंबून गेला होता. चप्पल काढली आणि आधी मोरीत गेल्या. हातांना अजून म्हशीचा वास येत होता. पिंप तिरपं करून तळातलं पाणी तांब्यात घेतलं, तर पाण्याबरोबर गाळही आला.

"पाणी आलं का वो, डॉक्टरीणबाई?" समोरच्या पार्वतम्मांनी दारातून विचारलं. त्यांनी घागरींची रांग दुपारपासूनच लावून ठेवली होती.

"कुटलं येतंय!"

"आज संध्याकाळी सोडतील म्हणं. काल तर फसवलं मेल्यांनी. मी सांजच्यापासनं हितं बसून होते. एक थेंब न्हाई. कुणाच्या घरी मोटरीचा आवाज न्हाई, काय न्हाई."

रेश्माबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

मोटर लावून बसलो होतो, टाकी भरेपर्यंत.

कशाची टाकी भरत होती? वारा?

सोलापुरात माणूस वाढदिवस विसरेल, पण पाणी आलं का नाही हे विसरणार नाही. अट एकच, पाणी त्यानं स्वतः भरलेलं पाहिजे. ज्या घरात बायको पाणी भरते, त्या घरातल्या साहेबाला पाळीचा वार तेवढा ऐकून ठाऊक असतो. काल पाळी होती हे हाशमभाईंना ठाऊक होतं. काल पाणी आलं नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते संध्याकाळी गल्लीत नव्हतेच. खोटं बोलायचं म्हणून त्यांनी जगातली सगळ्यात साधी गोष्ट उचलली, आणि नेमकी तीच त्यांच्या आयुष्यातली नव्हती.

बाई ओल्या हातांनी मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिल्या. त्यांना हे नको होतं. चोर घाटगे निघाले असते तर बरं वाटलं असतं. हाशमभाईंनी त्यांच्या आईचा खुबा बसवला होता. ईदला त्यांच्या बायकोचा, रुक्सानाभाभींचा, शिरखुर्मा यायचा, संक्रांतीला इकडून तिळगूळ जायचा. पण कापलं असेल तर का? दुसऱ्याच्या जनावराचा पाय चोरून हाशमभाईंना काय मिळणार?

आणि मग त्यांना तो साय धरलेला चहा आठवला. खिशातला हात आठवला. बाकीच्यांचे स्क्रू मी बसवते, असं म्हणून लख्ख काच पुसणारी समरा आठवली. बाईंचा हात आपसूक आपल्या नडगीवर गेला.

तशाच उठल्या आणि गल्लीच्या टोकाकडं चालू लागल्या.

६

हाशमभाईंच्या घराच्या पुढच्या खोलीतच त्यांची तपासणी चालायची. आज पेशंट नव्हते. ते एकटेच खुर्चीत बसले होते, जणू कुणाची तरी वाट बघत.

"हाशमभाई," रेश्माबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "काल गल्लीत पाणी आलंच न्हाई."

हाशमभाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. विचारलं, "आलं नाही?"

"रुक्सानाभाभींना विचारा. पाणी त्या भरतात."

बाई समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि पाय लांब केला.

"मी सकाळपासनं मोजतेय. हाड खुडायचं तिघांना येतंय. समरानं कापला असता तर चटणीला पैलवानाजवळ ठेवून स्वतःच्याच गळ्यात फास कशाला अडकवला असता? घाटग्यांनी तर त्याच पायासाठी पाहुणे बोलावले. राहिलं कोण? तुमचं नाव घ्यायला जीभ उचलत नव्हती, म्हणून कारण शोधत बसले. मग आठवलं, तुम्ही चहा प्याला न्हाई. हात बाहेर काढा, हाशमभाई."

त्यांनी खिशातून उजवा हात काढला. टेबलाचा खण उघडला आणि आतून एक छोटी काचेची बाटली बाहेर घेतली. बाटलीत त्या नखाएवढ्या पट्टीसकट पाय होता. त्यांनी ती टेबलावर ठेवायला हात पुढं केला, आणि बाटलीचा तळ टेबलाच्या काचेवर टकटक वाजू लागला. ठेवता ठेवेना. शेवटी बाईंनीच ती त्यांच्या हातातून घेतली.

"कधीपासनं?" त्यांनी विचारलं.

"आधी कधीमधी यायचं. आता रोज." हाशमभाईंचा आवाज थकलेला होता. "चटणीच्या वेळी मधला स्क्रू तिरका गेला. हाडाला चीर पडली, पट्टी हलायला लागली. एका बाजूनं काढलेल्या फोटोत ते दिसत नाही, तसेच फोटो मी काढले. पण त्या मशीनपुढं काय लपणार? म्हणून बाकीच्यांचे स्क्रू मी पोरीला बसवायला दिले. म्हटलं, शीक."

"तिला कळलं होतं."

"कळलं होतं. एक शब्द बोलली नाही." त्यांनी डोळे मिटले. "मल्लेश म्हणाला ना, तोडला तर नवा येतो. ते डोक्यात बसलं, ताई. वाटलं, चटणीचं दुखणंही जाईल आणि माझी चूकही. दोन्ही खरं आहे. ती पाय ओढायची ते मला सहन होत नव्हतं. तो कापायलासुद्धा किती वेळ लागला मला! डाव्या हातानं उजवा धरून कापला."

"आन् समरा?"

"वाटलं, जनावरावर जाईल."

"टाकीत जनावर माणूस ठेवतो, हाशमभाई. ते एका पोरीवरच जाणार होतं, हे तुम्हाला कळत नव्हतं?"

बाईंनी बाटली टेबलावर ठेवली.

"उद्या ऑपरेशन हाय का कुणाचं?"

"वळसंगचे आहेत एक. ज्ञानबा म्हणून. खुबा मोडलाय."

"करणार हाय?"

हाशमभाई आपल्या हाताकडं बघत राहिले. मग डाव्या हातानं फोन उचलला. दवाखान्यात लावला आणि सांगितलं, वळसंगच्या पेशंटला दुसऱ्या सर्जनकडं द्या, माझी सगळी ऑपरेशनं थांबवा, उद्याचीच नाही, सगळी. पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारत होतं, त्याला ते नुसतं "हो, हो" म्हणाले. मग घाटग्यांना लावला.

"घाटगे, समरानं काही केलेलं नाही. पाय मी कापला. पट्टी माझ्याकडं आहे. मी येतोय आणि पाहुण्यांपुढं मीच सांगेन. मी येईपर्यंत थांबू नका, त्या पोरीला आत्ताच फोन करा. ती रडत बसली असेल."

फोन ठेवला. रेश्माबाईंनी पर्समधला कागद काढला, फाडला आणि तुकडे टेबलावर ठेवले. काम झालं होतं. उठायला हरकत नव्हती. पण त्या उठल्या नाहीत.

"आता माझं सांगा," त्या म्हणाल्या. "कधीमधी यायचं म्हणालात, ते पहिल्यांदा कधी आलं?"

हाशमभाईंनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं नाही. त्यांच्या लांब केलेल्या पायाकडं पाहिलं.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्याच ऑपरेशनच्या टेबलावर."

बाहेर पार्वतम्मा कुणाशी तरी भांडत होत्या. त्यांचा आवाज आत येत राहिला.

"दोन स्क्रू नीट बसले नाहीत," हाशमभाई बोलत होते. "मी बघितलं होतं फोटोत. वाटलं, जुळेल. नाही जुळलं. मला माफ करा म्हणायलाही लाज वाटते. उद्या चांगल्या माणसाकडं पाठवतो तुम्हाला. पट्टी काढून नवी बसवता येईल. वय झालंय, हाडाला वेळ लागेल, पण..."

"आन् मला थंडी सांगितलीत," रेश्माबाई म्हणाल्या. आवाज चढवायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. "उन्हाळाभर मी स्वेटर शोधत होते, हाशमभाई. रात्री पायाला शाल गुंडाळून झोपत होते. चटणीचं बरं. तुमची चूक तोडून टाकली की तिला नवा पाय येतो. मला कुटनं येणार?"

हाशमभाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी डाव्या हातानं पुसलं. बाईंना त्यांचा राग आला होता आणि त्यांची कीवही येत होती, आणि दोन्ही एका वेळी पेलण्याएवढी ताकद सकाळीच मंद्रूपच्या गोठ्यात संपली होती.

अंगणात नळ खरखरला, फुसफुसला आणि धो धो वाहू लागला.

"अजी, पानी आया!" आतून रुक्सानाभाभींची हाक आली. "मोटर लगाओ ना जरा!"

हाशमभाई गोंधळून उभे राहिले. मोटरचं बटण कुठं आहे, हे त्यांना आठवत नसावं.

रेश्माबाई टेबलाला धरून उठल्या, दुखऱ्या पायावर हळूहळू भार दिला आणि उंबरा ओलांडला. गल्लीत सगळीकडं घागरींचा खणखणाट सुरू झाला होता. पाणी फार वेळ राहत नाही, आणि त्यांच्या घरी ते भरायला दुसरं कुणी नव्हतं.